तुम्ही विचारलंत म्हणून: जावा शिकू की पायथॉन?

आयटी शिकून कंपन्यांच्या कारभारात काम करायचंय, तर जावा शिकू की पायथॉन? हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकदा सविस्तरच लिहितो. मी भाषेचं नाव घ्यायचं टाळतो असं तुम्हाला वाटतं. टाळतोच, कारण नोकरीत माणूस अडतो तो भाषेपाशी नाही.

एक साधं बिल घ्या. रक्कम 10,000. बिलात तीन ओळी: 5,000, 3,000 आणि 2,000. ग्राहकाने पैसे दोनदा दिले, 6,000 आणि 4,000. डेटाबेसमध्ये तीन टेबलं: बिलं, बिलांच्या ओळी, जमा पावत्या. विक्री किती, वसुली किती, एवढाच रिपोर्ट हवाय. नवशिका तिन्ही टेबलं बिल क्रमांकावर जोडतो आणि बेरीज मागतो. प्रत्येक ओळ प्रत्येक पावतीशी जुळते, तीन दुणे सहा ओळी होतात. विक्री दिसते 20,000, वसुली 30,000. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, बिनबोभाट चालते, एरर येत नाही.

मग घाबरून बेरजेत डिस्टिंक्ट, म्हणजे 'सारखे आकडे एकदाच धर' असं सांगणारा शब्द, घातला जातो. या बिलाचे आकडे बरोबर येतात आणि तिथेच घात होतो. दुसऱ्या एखाद्या बिलात 5,000च्या दोन ओळी असल्या की डिस्टिंक्ट त्यातली एक खाऊन टाकतो. फुगलेला आकडा निदान डोळ्यांत खुपतो. आटलेला तसाच पुढे जातो.

खरा उपाय असा: ओळींची बेरीज बिलागणिक आधी वेगळी करा, पावत्यांचीही वेगळी करा. दोन्हीकडे एका बिलाला एकच ओळ उरली की मग जोडा. पावत्यांसाठी लेफ्ट जॉइन (पावती नसली तरी बिल ठेवणारी जोडणी) वापरा, नाहीतर ज्यांचा पैसाच आलेला नाही ती बिलं गायब होतात, आणि येणी काढताना नेमकी तीच हवी असतात. तिथली रिकामी रक्कम शून्य धरा. बिलातून नल, म्हणजे रिकामी किंमत, वजा केला तर बाकीही नलच येते.

यात जावा कुठे आली? एका बिलाला अनेक पावत्या असतात, एका पावतीत अनेक बिलं मिटतात, हे कळणं हेच काम. म्हणून मी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आणि हिशेब शिका म्हणतो. खरेदीत ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल जुळल्याशिवाय पैसे का सोडत नाहीत, ते समजून घ्या. रिपोर्ट देण्याआधी त्याच कालावधीच्या विक्री खात्याशी बेरीज ताडून बघा. फरक निघाला तर आधी रद्द बिलं, क्रेडिट नोटा (बिलातली रक्कम कमी केल्याची कागदं) आणि कर तपासा. बिलाच्या रकमेत कर धरलेला असतो, विक्री खात्यात सहसा नसतो. रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे डेटा जोडता येणाऱ्या टेबलांत मांडण्यावरचा, संगणकशास्त्रज्ञ कॉड यांचा निबंध 1970चा, इटालियन गणिती पाचोलींनी दुहेरी नोंद पद्धत (प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्हीकडे लिहिण्याची) छापून मांडली ती 1494 साली. कारभार अजून या दोन्हींवरच चालतो.

पूर्वी मीही सांगायचो, "आधी भाषा पक्की करा, धंदा कामावर कळेल." तो सल्ला अगदीच खोटा नव्हता. मुलाखतीत कोड लिहायला लावतात, आणि खतावणी कळते पण फाइल वाचणारा साधा प्रोग्राम जमत नाही, असा माणूसही रोज अडतो. म्हणजे एक भाषा लागणारच. तिला किती महिने द्यावेत, हिशेब आधी की नंतर, यावर माझं मत अजून पक्कं नाही. वरचं बिल मात्र आजच कागदावर मांडा, सहाच्या सहा ओळी हाताने लिहून.