निरोपाचे खेळ

पाहुणा "निघतो आता" म्हणाला की तो अजून अर्धा तास तरी हलत नाही, हे घरच्यांना ठाऊक असतं. चपला घातल्यावर, जिन्यात, फाटकाशी अशा टप्प्यांनी निरोप चालतो. सोफ्यावर न सुचलेले विषय नेमके तिथे निघतात. अशा रेंगाळणाऱ्यांबद्दल मला माया आहे. म्हणूनच शार्लट कुशमनही आवडते.

१८१६ साली बॉस्टनमध्ये जन्मलेली ही अमेरिकी रंगभूमीची सुरुवातीच्या काळातली मोठी नटी. १८५२ मध्ये, जेमतेम ३६व्या वर्षी, तिनं रंगभूमीचा निरोप घेतला. आणि मग परत आली. पुन्हा निरोप, पुन्हा दौरा, असं वीसेक वर्षं चाललं. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. तिकिटं खपवायची युक्ती म्हणाले. असेलही! वडिलांचा धंदा बुडाल्यापासून घर तिच्याच कमाईवर उभं होतं.

खरं तर तिला गायिका व्हायचं होतं. मूळचा आवाज खालच्या पट्टीचा. न्यू ऑर्लिन्सला वरच्या पट्टीत गाता गाता तो गेला. १९व्या वर्षी पुढे काय? तर थेट शेक्सपिअरच्या नाटकातली लेडी मॅक्बेथ! अंगावर घालायला धड पोशाख नव्हता. फ्रेंच थिएटरातल्या एका नटीचे कपडे मागून आणले. ती नटी बुटकी नि चांगली जाडजूड, ही उंच नि सडपातळ. एका झग्याला ठिगळं जोडून घागरा लांबवला, दुसरा चहूबाजूंनी आवळला, आणि १८३६ मध्ये ही राणी रंगमंचावर उभी राहिली.

बहिणीला, सुझनला, नवऱ्यानं टाकलं, तेव्हा तिलाही शार्लटनं रंगभूमीवर आणलं. १८४५ च्या अखेरीस लंडनच्या हेमार्केट थिएटरात सुझन ज्युलिएट झाली आणि शार्लट चक्क रोमिओ. बहिणींनी प्रियकर-प्रेयसी व्हायचं, आणि लंडनकरांनी ते डोक्यावर घ्यायचं! त्या नाटकात ज्युलिएट रोमिओला निरोप देते, पुन्हा हाक मारते, आणि कशाला हाक मारली तेच विसरते. तो प्रवेश रात्रीमागून रात्र केलेल्या बाईकडून एका दमात निघून जायची अपेक्षा कुणी का करावी?

१८६९ मध्ये स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. तरी ती अमेरिकेत परतून पुन्हा उभी राहिली. ७ नोव्हेंबर १८७४ला न्यूयॉर्कच्या बूथ्स थिएटरात निरोपाचा खेळ झाला, भूमिका तीच, लेडी मॅक्बेथ. खेळानंतर कवी ब्रायंट यांच्या हस्ते लॉरेलचा मुकुट, भाषणं, मग मशाली घेतलेल्या गर्दीसह हॉटेलपर्यंत मिरवणूक. एवढा सोहळा झाल्यावर दुसरं कुणी लाजेखातर तरी घरी बसलं असतं. बाईंनी फिलाडेल्फियाचा निरोप घेतला आणि मे १८७५ मध्ये बॉस्टनचाही. जन्मगावाला वगळून कसं चालेल?