आईच्या टीव्हीचा ओटीपी

संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी आईचा फोन. "अरे, नंबर आला का?" आई सोलापुरात टीव्हीसमोर, मी पुण्यात मीटिंगमध्ये, आणि ओटीपी माझ्या मोबाइलवर. मी बाहेर येऊन तो वाचून दाखवेपर्यंत मालिकेचं शीर्षकगीत संपलेलं.

चूक माझीच. दिवाळीत घरी गेलो तेव्हा सेट-टॉप बॉक्सचा हिरवा दिवा लागत होता, पण चित्र येत नव्हतं. केबलवाला म्हणाला, नवा घ्या. मी म्हटलं, कशाला? वायफाय आहे, टीव्ही स्मार्ट आहे, ॲप टाकू.

घरात पहिला बॉक्स आला तो २०१३ मध्ये. केबलला बॉक्स लावणं सरकारने सक्तीचं केलं होतं, ३१ मार्चची मुदत होती. मुंबईनंतरच्या टप्प्यातल्या ३८ शहरांत सोलापूरही होतं. त्याआधी वायर थेट टीव्हीत खुपसली की भागायचं. बॉक्स आल्यावर पैसे थकले तरी वायर कापायला कुणी यायचं नाही, तिकडे बसल्या बसल्याच बॉक्स बंद. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचे, म्हणजे टीव्ही-टेलिफोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम आले तेव्हा बाबांनी वहीत हिशोब मांडला होता: १०० चॅनेलचे १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, वर पैशांची चॅनेलं वेगळी. त्यांत एक तेलुगूही घेतलं, कारण शेजारच्या अक्का दुपारी आमच्याकडे येऊन बसत. आमच्या पूर्व भागात तेलुगू घरं पुष्कळ.

आईला चॅनेलांची नावं फारशी ठाऊक नव्हती, नंबर पाठ होते. अंधारातसुद्धा रिमोटवर बोट बरोबर जायचं. आता बाण दाबत दाबत पोस्टरांच्या रांगा ओलांडायच्या, तिला नको असलेले सिनेमे आधी, तिचं चॅनेल कुठेतरी खाली. आणि मध्येच कधीतरी ॲप आपोआप लॉगआउट होतं. का, ते देव जाणे.

आईचाच नंबर का दिला नाही, असं बहिणीने विचारलं. देऊन पाहिला. तिचा बटणांचा फोन. मेसेज येतो, पण चष्मा शोधून, आकडे वाचून, ते रिमोटने एकेक भरेपर्यंत मुदत संपते. बॉक्सने तिला कधी ती कोण हे विचारलं नव्हतं. त्याला आत बसलेलं कार्ड पुरायचं; मग समोर आई बसो, अक्का बसोत नाहीतर मांजर. आता टीव्ही आईच्या घरात आणि खातं माझ्या नंबरवर.

मॅचची तऱ्हा निराळीच. अक्कांकडे अजून केबल आहे. भिंतीपलीकडून "अय्यो!" ऐकू येतं तेव्हा आमच्याकडे बॉलर अजून रनअपवर असतो. ॲपवर चित्र काही काही सेकंदांचे तुकडे पाडून येतं आणि टीव्ही त्यातले थोडे आधी साठवून मगच दाखवतो, हे मी आईला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे शिळं दाखवतो."

बॉक्स तरी कुठे गुणाचा होता म्हणा. एका केबलवाल्याचा दुसऱ्याकडे चालत नाही. तो कुणाकडेही चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली, पण आमच्या माळ्यावर दोन बॉक्स धूळ खात आहेत ते केबलवाला बदलला म्हणूनच. आणि चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी बघता येतो, ही ॲपची सोय आईला मनापासून आवडली आहे. अक्कांना ती आता कौतुकाने दाखवते, मात्र मराठीच. तेलुगूचा पॅक मी घेतलेला नाही, त्यावरून बोलणी खातो.

मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा केबलचा पोरगा दारात होता. लाइन काढून नेऊ का, विचारत होता. आईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "राहू दे रे." वायर तिने गुंडाळून खिडकीच्या खिळ्याला अडकवली आहे.