खाऱ्या पाण्यातनं आलेलं रील उघडलं तेव्हा

मासेमारीच्या रीलमधनं खरखर आली की सगळे आधी गिअरवरच संशय घेतात. मेव्हण्याचं पण तेच, मालवणला खडकावरनं गळ टाकून आला, घाट चढून स्वतःच्या घरी न जाता थेट आमच्याकडं, आणि ४००० साइजचं स्पिनिंग रील हातात देऊन म्हणतोय, "दाजी, गिअर गेलेत बहुतेक, आणि हँडल पण उलटं फिरतंय." मी म्हटलं पाव्हणं, आधी चहा घ्या, उघडून बघितल्याशिवाय कुणाला गेलं म्हणायचं नाही.

स्पूल, म्हणजे लाइन (गळाची दोरी) गुंडाळायची चकरी, काढून नुसतं हँडल फिरवलं तर आवाज बराच कमी. लाइन लावून हातानं ताण देऊन फिरवलं की परत सुरू. म्हणजे मोठी भानगड लाइन रोलरची, बेलच्या, म्हणजे स्पूलवरनं आडव्या जाणाऱ्या तारेच्या कडीच्या, टोकाला जी बारकी पुली असते आणि जिच्यावरनं लाइन वळून स्पूलवर जाते ती. नखानं फिरवायला बघितलं तर जाम, जागची हलेना. रोलर फिरत नसला की लाइन त्याच्यावर नुसती घासत राहते, ब्रेड म्हणजे विणलेली लाइन असली तर खाच पाडते आणि लाइनला पीळ बसतो तो वेगळाच. त्याचा स्क्रू खोलताना मात्र जपून, जपानी रीलांच्या स्क्रूचा खाचा आपल्या साध्या प्लसवाल्या स्क्रूड्रायव्हरपेक्षा जरा वेगळा असतो, त्याला जेआयएस (जपानी मानक) टोकाचा लागतो, नाहीतर टोक वर सरकून स्क्रूचं डोकं गुळगुळीत झालंच म्हणून समजा. आतनं जी बेअरिंग निघाली ती तांबूस तपकिरी, कडेला मिठाची पांढरी पापडी, आणि टोकानं ढकलली तर आतली रिंग बाहेरच्या रिंगसकट फिरत होती, म्हणजे बेअरिंग म्हणून तिचं काम कधीच संपलेलं.

व्हर्नियर लावला, आत ४, बाहेर ७, जाडी २.५ मिलिमीटर. म्हणजे एमआर ७४ नंबरची बेअरिंग. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात बेअरिंगला तोटा नाही पण तिथला सगळा कारभार मोटरी, पंप आणि लेथचा, काउंटरवरच्या मामांनी नमुना तळहातावर घेतला आणि म्हणाले, "हे काय घड्याळात घालतोस व्हय?" मग ६८४ नंबरची काढून दिली, तिचं भोक ४ चंच पण बाहेरनं ९ आणि जाडी ४, ती रोलरमध्ये शिरणारच नाही. शेवटी पुढच्या दुकानात मिळाली. घेताना स्टेनलेसचीच मागा, साधी क्रोम स्टीलची समुद्राच्या पाण्यात फार तग धरत नाही.

आता हँडल उलटं फिरण्याचं. यानं मागं कुठल्यातरी दुकानात सर्व्हिसिंग करून घेतलं होतं म्हणे, तिथं कुणीतरी मनापासून ग्रीस भरलेलं. रोटरचा, म्हणजे स्पूलभोवती बेल घेऊन फिरणाऱ्या भागाचा, नट १२ नंबरच्या पान्यानं काढला (आधी त्याच्यावरचा बारका लॉक स्क्रू काढायचा, आणि नटाचे आटे सुलटे का उलटे ते बघूनच जोर लावायचा) तर खाली वन-वे क्लच ग्रीसनं गच्च. या क्लचमध्ये बारीक रोलर असतात, हँडल पुढं फिरवलं की सुटे राहतात आणि मागं फिरवलं की फटीत अडकून शाफ्ट धरतात. ते अडकायला पकड लागते, मग तिथं ग्रीस भरल्यावर पकडणार कशाला, सरकतच राहणार. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं धुतला, वाळू दिला, पातळ तेलाचा एक थेंब टाकून जादाचं पुसून घेतलं, बास. मधली स्लीव्ह ओढून काढायची नाही, रोलर आणि त्यांच्या स्प्रिंगा बाहेर आल्या तर फरशीवर शोधत बसा.

साइड कव्हर उघडल्यावर प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो. मेन गिअरच्या मागं कागदासारखे पातळ शिम असतात, जुन्या ग्रीसला चिकटून बाहेर येतात आणि पुसताना फडक्यात जातात, मग जोडल्यावर गिअर आणि पिनियन (त्याच्यात अडकणारा बारका गिअर) यांच्यातलं अंतर बदलतं आणि नसलेली खरखर सुरू होते. जुनं ग्रीस करडं, उजेडात धरलं तर धातूचा कीस चमकत होता. बॉडी कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशनं घासली. बायको आत येऊन, "अहो, हा ओटा आहे, गॅरेज नव्हे," मग पेपर टाकून बाल्कनीत बस्तान हलवलं.

ओळखीच्या एका मेकॅनिकचं म्हणणं पेट्रोलमध्ये बुडव सगळं. दुचाकीच्या चेनला चालत असेल, इथं रबरी ओ-रिंगा फुगतात आणि प्लास्टिकची खात्री नाही. डब्ल्यूडी-४० चं पण तसंच, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायला ते छानच, पण वंगण म्हणून रीलमध्ये मारून ठेवलं तर थोड्या दिवसांत उडून जातं आणि जाताना चांगलं ग्रीस पातळ करून जातं.

माझा हिशोब सोपा आहे, दात एकमेकांवर घासतात तिथं ग्रीस, गोल फिरतं तिथं तेल. मेन गिअर, पिनियन आणि स्पूल वरखाली करणारा स्लायडर यांना ब्रशनं पातळ थर, खोबणी भरायच्या नाहीत. बेअरिंग, हँडलचा नॉब, लाइन रोलर यांना सुईच्या टोकानं थेंब. मेन शाफ्टला तेलाचा हात फिरवला.

गिअरच्या काही दातांवर मात्र मिठानं खाल्ल्याचे बारीक खड्डे निघालेच, म्हणजे मेव्हणा अगदीच खोटं बोलत नव्हता. जोर लावून ओढताना हलकी थरथर हाताला लागते, ती कुठल्याच ग्रीसनं जाणार नाही. भोगावती नदीवर रोहू-कटल्याला चालंल, समुद्रातल्या तांबोशीसाठी न्यायचं तर गिअर आणि पिनियन जोडीनंच बदला असं त्याला सांगितलंय, जुन्या पिनियनवर एकटा नवा गिअर बसत नाही नीट.

ड्रॅगच्या, म्हणजे मासा ओढायला लागला की लाइन ताणात सोडणाऱ्या ब्रेकच्या, वॉशर कार्बनच्या होत्या, त्या पुसून ड्रॅगचंच ग्रीस अगदी नावाला लावलं, कारण मोठा मासा लाइन खेचत पळतो तेव्हा तिथं घासून गरम होतं आणि साधं ग्रीस पातळ होऊन ड्रॅग झटके देतो. समुद्रावरनं आल्यावर ड्रॅग घट्ट करायचा, म्हणजे आत पाणी जात नाही, गोड्या पाण्याची बारीक धार सोडायची, नळाखाली जोरात धरायचं नाही, जोरानं मीठ उलट आत ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवलं की ड्रॅग परत ढिला, नाहीतर वॉशर दाबून बसतात. एवढं केलंस तर वर्षातनं एकदा उघडलं तरी पुरंल, म्हटलं. "दाजी, एवढं कोण करतंय," म्हणाला, आणि बॅगेतनं दुसरं रील काढलं.