दोष आमरसाचा नव्हता

मे महिन्यात माझी उपाशीपोटीची साखर ३१२ आली तेव्हा घरात एकमताने निकाल लागला: आमरस. सून म्हणाली, "आई, वाटी मोजून घ्या म्हटलं होतं ना." शेजारच्या काकू कुंपणावरूनच म्हणाल्या, "रस वरपला असन तुम्ही, दुसरं काय!" मी रोज एकच वाटी घेत होते. दोनदा घेत होते, ते सोडा. पण त्याने तीनशे?

मी अकोल्यात राहते, इन्सुलिन घेते त्याला सहा वर्षं झाली. डॉक्टरांनी खाण्याचं नंतर काढलं. आधी विचारलं, "इन्सुलिन कुठं ठेवता?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. वाशीमला लग्नाला गेलो होतो. बाटली पर्समध्ये, पर्स गाडीत आणि गाडी दुपारभर उन्हात. इन्सुलिन हे प्रथिन. उन्हाने त्याची ताकद जाते, बाटली मात्र दिसायला होती तशीच. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची आणि उघडलेली साधारण ३० अंशांच्या आत, तीही चारेक आठवडेच. खोक्यातल्या कागदावर हे सगळं छापलेलं असतं. आमच्याकडे मेमध्ये रात्री दोनलाही घरात पारा ३० च्या खाली येत नाही! नवी बाटली आणली, चार दिवसांत साखर दीडशेच्या घरात. आता वापरातली बाटलीही फ्रिजच्या दारात असते (बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, गोठली की तीही वाया). लाईट गेली तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं आणि त्यात बाटली.

त्याच उन्हाळ्यात उलटंही झालं. संध्याकाळी फिरून आले, घामाने चिंब झाले होते. मेमध्ये घामाचं कोणाला नवल? कूलरपुढे बसले तरी हात थरथरायला लागले. मोजली तर ६२. उकाड्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, इन्सुलिन झपाट्याने रक्तात उतरतं. साखर उतरल्याचा घाम उन्हाच्या घामात लपला होता. तीन चमचे साखर पाण्यातून घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. आता फिरायला निघताना रुमालाच्या जोडीला साखरेची पुडीही असते.

पावसाळ्यात विशेष काही घडत नाही. साखर मोजायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की ओलीने आकडे भलतेच दाखवते, एवढंच.

खरी अडचण थंडीची. पहाटे बोटं इतकी गार की टोचूनही थेंब येत नाही, चोळत बसावं लागतं. गारठ्यामुळे फिरणंही बंद. त्यात हुरडा, तीळगूळ, शेतातले रोडगे (भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी, वरून तूप. फेब्रुवारीत तीन महिन्यांची साखर (HbA1c, ही टक्क्यांत मोजतात) ८.४ आली आणि मी रडकुंडीला आले, कारण ऑगस्टमध्ये ती ७.३ होती. डॉक्टरांनी फाईल उलटली. आधीच्या फेब्रुवारीत ८.९ होती. म्हणाले, "थंडीत बहुतेकांची चढते. फेब्रुवारीची फेब्रुवारीशी ताडून बघत जा." शिवाय त्या तपासणीत मागचे दोन-तीन महिने दिसतात, म्हणजे संक्रांत त्यात होतीच.

यंदा डिसेंबरातच त्यांना विचारून डोस थोडा वाढवून घेतला. फिरणं उन्हं चढल्यावर, दहाला. फेब्रुवारीत ७.८ आली. रोडग्यांच्या पंगतीलाही गेले होते, दोन खाल्ले. सुनेला एकच सांगितलाय.