जोमतिएनला रिटायरमेंट एक्स्टेंशन रिन्यू केलं, त्याचा वृत्तांत

थायलंडमध्ये निवृत्त म्हणून राहायची परवानगी दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, तेच हे रिटायरमेंट एक्स्टेंशन. यावर्षीचं झालं एकदाचं. पट्टायाला राहणाऱ्यांना शेजारच्या जोमतिएनच्या सोय फाइव्हमधलं (सोय म्हणजे गल्ली) इमिग्रेशन ऑफिस पडतं, आम्हीही तिथेच जातो. नवीन येणारे लोक कागद किती लागतात, ऑफिसर कसा आहे, एजंट लावू का असलं विचारत बसतात, पण माझं म्हणणं असं की कागद गोळा करणं हा अर्ध्या दिवसाचा खेळ आहे, खरी परीक्षा वर्षभर बँकेत चाललेली असते आणि ती रकमेपेक्षा तारखांची असते.

म्हणजे बघा. वय पन्नास पूर्ण पाहिजे आणि थाई बँकेत ८ लाख बाथ पाहिजेत, हे सगळ्यांना माहीत असतं. (दुसरा रस्ता म्हणजे दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न, पण ते दर महिन्याला बाहेरून आलेलं दिसावं लागतं, एक महिना हुकला की वांधे, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.) हे ८ लाख अर्ज करायच्या दिवसाआधी दोन महिने खात्यात पडून असले पाहिजेत. अर्ज करायच्या दिवसाआधी हं, एक्स्टेंशन संपायच्या दिवसाआधी नाही, इथेच लोकांची गल्लत होते. मग एक्स्टेंशन मिळाल्यावर आणखी तीन महिने त्याला हात लावायचा नाही, आणि त्यानंतर खर्च केले तरी ४ लाखांच्या खाली जायचं नाही, ते पुढच्या वेळेला दोन महिने आधी परत ८ लाख होईपर्यंत. हा नियम २०१९ पासूनचा. आता हिशेब केला तर मधल्या साधारण सात महिन्यांत तुम्हाला वापरायला मिळणार फक्त वरचे ४ लाख, आणि ते परत भरायची धावपळ वेगळी. मी तर आठाच्या आठ लाख बाराही महिने तसेच ठेवतो, थोडे जास्तच, व्याज नगण्य मिळतं पण डोक्याला ताप नाही. अगदी काठावर ८ लाख ठेवू नका, भारतातून पैसे पाठवताना मधली बँक चार्जेस कापते, कार्डाची वार्षिक फी गुपचूप जाते, आणि पासबुकात दिसतं ७ लाख ९९ हजार काहीतरी. तेवढ्यावर अर्ज अडतो.

आणखी एक, खातं एकट्याच्या नावावर पाहिजे. आपल्याकडे सगळं नवरा-बायकोच्या जॉइंट नावावर करायची सवय, इथे ते चालत नाही.

तर ज्या दिवशी जायचं त्या दिवशी सकाळी आधी बँक. तिथून दोन गोष्टी घ्यायच्या, एक बँक लेटर, शंभर-दोनशे बाथ घेतात, आणि दुसरं म्हणजे त्याच दिवसाची एंट्री असलेलं पासबुक. नुसतं मशीनमध्ये घालून अपडेट करून उपयोग नाही, नवीन व्यवहारच नसेल तर मशीन काही छापणारच नाही, म्हणून मी बाहेरच्या एटीएममध्ये आधी शंभर बाथ भरतो आणि मग पासबुक घालतो, की आजच्या तारखेची ओळ उमटते. लेटरवरची रक्कम आणि त्या ओळीतली रक्कम जुळली पाहिजे, त्यामुळे आधी शंभर भरा, मग लेटर काढा, उलट केलं तर शंभराचा फरक पडतो.

पासबुक दर महिन्याला भरून घ्या, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. बरेच महिने भरलं नाही तर मशीन मधल्या सगळ्या एंट्र्या एकत्र करून एकच ओळ छापतं, आणि मग मधल्या काळात बॅलन्स ४ लाखांच्या खाली गेला नव्हता हे ऑफिसरला दिसणार कसं? तो बारा महिन्यांचं स्टेटमेंट मागतो. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकांचं हेच झालं, त्यांची शाखा म्हणाली स्टेटमेंट हेड ऑफिसमधून येतं, चार-पाच दिवस थांबा, आणि काकांच्या हातात दिवस तेवढेच होते. मी आता स्टेटमेंटसुद्धा आठवडाभर आधी मागून ठेवतो, लागो न लागो.

बँकेतून सॉन्गथाव (इथली शेअर पिकअप टॅक्सी) पकडून सोय फाइव्ह. ऑफिसच्या आसपास झेरॉक्स आणि फोटोची दुकानं आहेत, तिथल्या बायका हे काम दिवसभर करतात, त्यांना नुसतं "रिटायरमेंट" म्हटलं की पासपोर्ट हातातून घेऊन कुठली पानं काढायची ते त्याच ठरवतात. फोटोचं पान, मूळ व्हिसाचं पान, मागच्या एक्स्टेंशनचा शिक्का, शेवटच्या एंट्रीचा शिक्का, पासबुकाचं पहिलं पान आणि वर्षभराची पानं. टीएम सेव्हन फॉर्म (हाच एक्स्टेंशनचा अर्ज), त्यावर ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, तुम्ही त्याच्याकडे राहता हे कळवायला घरमालकाने भरलेल्या टीएम थर्टीची पावती, भाडेकरार, घराचा नकाशा. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या पेनाने सही. त्या दुकानातल्या बाईने माझ्या काळ्या पेनाकडे नुसतं बघितलं आणि काही न बोलता स्वतःचं निळं पुढे केलं, सह्या करून करून माझी सही शेवटी नुसती रेघ झाली होती, तरी ती एकेक पान उलटून कुठे राहिलीय का बघत होती. कुठलाही एजंट एवढं बघणार नाही. एजंट लावायचाच असेल तर रांगेत उभं राहण्यासाठी लावा, पण "पैसे नसले तरी आम्ही खात्यात दाखवतो" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा, पकडलं गेलं तर तो सापडत नाही, पासपोर्ट तुमचा असतो.

आत टोकन घ्यायचं आणि बसायचं. सकाळी लवकर गेलात तर बरं, बारा वाजले की जेवणाची सुट्टी. बनियन-हाफपँटवर जाऊ नका, समुद्र जवळ असला तरी ते सरकारी ऑफिस आहे. ऑफिसर मॅडमनी गठ्ठा घेतला, पासबुकाची पानं बोटाने खाली खाली बघत नेली, फक्त शेवटच्या रकान्याकडे बघत होत्या, एका ठिकाणी थांबल्या, कॅलेंडरकडे बघितलं, परत पुढे. बाकी कागदांकडे ढुंकून पाहिलं नाही म्हणा ना. ओव्हरस्टेचे, म्हणजे मुदत संपूनही राहण्याबद्दलचे, नियम समजले अशा फॉर्मवर सही, कॅमेऱ्यात फोटो, १,९०० बाथ फी, पावती. पासपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला.

अर्ज साधारण शेवटच्या तीस दिवसांत घेतात, काही ऑफिसं पंचेचाळीस दिवस आधीही घेतात. लवकर गेलं म्हणून दिवस वाया जात नाहीत, नवीन वर्ष जुन्या तारखेपासूनच धरतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणू नका. सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, १३ ते १५ एप्रिल, सगळं बंद असतं, ज्यांची तारीख त्या सुमाराला येते त्यांनी मार्चमध्येच बघावं. आणि पासपोर्ट किती दिवस शिल्लक आहे तेही बघा, पासपोर्ट संपतो त्याच्या पुढे एक्स्टेंशन देत नाहीत, आठ महिने उरले असतील तर आठच महिने मिळणार, फी मात्र पूर्ण.

बायकोचं एक्स्टेंशन माझ्यावर डिपेंडंट (अवलंबून) म्हणून होतं, तिच्यासाठी वेगळे ८ लाख लागत नाहीत. पण लग्नाचं सर्टिफिकेट लागतं, आणि आमच्या पिढीत रजिस्टर लग्न केलंय कोणी. "अहो, पत्रिका आहे की, अल्बम आहे," ही म्हणाली. भारतात असतानाच लग्नाची नोंदणी करून घ्या, मग बँकॉकला भारतीय दूतावासाचं अटेस्टेशन, थाई भाषांतर आणि तिथल्याच चॅएंग वत्तना रोडवरच्या, थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर खात्याचा शिक्का, अशी ती वरात असते. हे काम महिनाभर आधी सुरू करा.

दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवायचा रिपोर्ट वेगळा, एक्स्टेंशन केलं म्हणून तो झाला असं होत नाही. ड्यू डेटच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत समक्ष देता येतो, ऑनलाइनही होतो.

भारतात जायचं असेल तर री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी (फॉर्म टीएम एट), घेतल्याशिवाय विमानात बसू नका. त्याच्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं की सगळं एक्स्टेंशन गेलं, ८ लाख बँकेत असले तरी. सिंगल १,००० बाथ, मल्टिपल ३,८००. जुनं मल्टिपल परमिट जुन्या एक्स्टेंशनबरोबरच संपतं, त्यामुळे रिन्यू व्हायच्या आधी महिनाभर नवीन मल्टिपल काढलं तर ते पैसे पाण्यात, आधी एक्स्टेंशन, मग परमिट. परत येताना १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, एक्स्टेंशनवाल्यांनाही, आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट उघडली तर ती चुकीची साइट समजा.