लिटर की किलो?

मी गडहिंग्लजमध्ये राहते आणि आसपासच्या गावांतल्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. संकलन पहाटे साडेपाचला सुरू होतं, म्हणून माझा फोनही तेव्हाच वाजायला लागतो. सेक्रेटरींच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपकडून माझ्या एपीआयकडे, म्हणजे सर्व्हरवरच्या अ‍ॅपशी बोलणाऱ्या प्रोग्रामकडे, नोंद येते: सभासद क्रमांक, गाय की म्हैस, सकाळ की संध्याकाळ, दूध किती, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). एपीआय दरपत्रक बघतो आणि रक्कम परत पाठवतो. अ‍ॅप माझं नाही, ते पुण्यातला एक मित्र करतो. म्हणजे आमच्या दोघांच्या मध्ये जे काही आहे ते डॉक्युमेंटेशन: एपीआयला काय आणि कसं पाठवायचं याची माहिती.

फ्लास्कवर (पायथन भाषेत असे सर्व्हर लिहायचं एक फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) होते तेव्हा डॉक्युमेंटेशन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली वर्ड फाइल. 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'हीच वापर'. कोड बदलला की फाइलही बदलायची, हे मी तीनदा पाळलं.

मग फास्टएपीआय हे दुसरं फ्रेमवर्क हाती लागलं. सेबास्टियन रामिरेझ यांनी ते २०१८ च्या शेवटी पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. त्यात वेगळं डॉक्युमेंटेशन लिहायला बसावं लागत नाही. पायथनमध्ये तुम्ही टाइप लिहिता, की हा आकडा, ही तारीख, हे या तीनपैकी एक. पायडँटिक नावाची लायब्ररी त्यावरून आलेली नोंद तपासते आणि त्याच टाइपवरून ओपनएपीआयचा, म्हणजे एपीआयचं वर्णन ठरावीक पद्धतीने लिहिण्याचा, मसुदा तयार होतो. पत्त्यापुढे 'स्लॅश डॉक्स' लिहिलं की स्वॅगरचं पान उघडतं. (ओपनएपीआयचंच जुनं नाव स्वॅगर. मसुद्याचं नाव २०१६ मध्ये बदललं, पानाला मात्र तेच चिकटून राहिलं.) पहिल्यांदा ते पान बघितलं तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. आई म्हणाली, "हिरवं-निळं बरं दिसतंय."

त्या पानावर दुधासमोर लिहिलं होतं: 'क्वांटिटी, नंबर'. मॉडेलमध्ये, म्हणजे नोंदीच्या साच्यात, मी फ्लोट (दशांश आकडा) लिहिलं होतं, पानाने ते इमानदारीने दाखवलं.

दहा दिवसांनी दुधाचा पगार काढायची वेळ आली आणि एका संस्थेचा हिशेब लागेना. संस्थेच्या नोंदीत रोज साधारण ११३३ लिटर, टँकरमध्ये मोजून भरलेलं ११००. रोज तेहतीस लिटरची तूट. सेक्रेटरींनी आधी कॅन तपासले, मग टँकरवाल्याशी भांडण काढलं, शेवटी मला फोन केला. "ताई, तुमच्या सॉफ्टवेअरला काय म्हैस व्यालीया व्हय? हे जास्तीचं दूध येतंय कुठनं?"

दूध काट्यातून येत होतं. त्या संस्थेचा काटा किलोवर लावलेला होता. अ‍ॅपने काट्यावरचा आकडा जसाच्या तसा उचलून पाठवला आणि माझ्या एपीआयने तो लिटर समजून दर लावला. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं, म्हणजे शंभराला तीनचा फरक. एकट्या सभासदाच्या पाच-सात लिटरमध्ये तो डोळ्यावर येत नाही, संस्थेच्या बेरजेत लगेच येतो. मित्राला मी विचारलं तर तो म्हणाला, "डॉक्समध्ये नंबर लिहिलंय. मी नंबर पाठवला." यावर काय बोलणार! मीच गप्प बसले.

फ्रेमवर्कला टाइप कळतो, दूध कळत नाही. ४० लिटर असोत की ४० किलो, त्याच्या दृष्टीने आकडा बरोबरच होता. आता त्या फील्डचं नावच 'क्वांटिटी लिटर' आहे. वर्णनात लिहिलंय: 'लिटरमध्येच पाठवावे. काटा किलोवर असेल तर आधी १.०३ ने भागावे.' हे मी मराठीत लिहिलं, कारण अ‍ॅपवाल्या मित्राला आणि सेक्रेटरींना दोघांनाही तेच वाचायचं असतं. पानावर देवनागरी छान दिसते, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. सकाळ-संध्याकाळसाठी एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) केलं, त्यामुळे कोणी 'मॉर्निंग' आणि कोणी 'एम' पाठवायचा प्रश्न मिटला.

उदाहरणं द्यायला लागले तर त्याचीही गंमत झाली. सभासद क्रमांक १, म्हैस, १२.५ लिटर, फॅट ६.८ असं उदाहरण मी लिहिलं होतं. पानावर 'ट्राय इट आउट' नावाचं बटण असतं. ते दाबलं की तेच उदाहरण आयतं भरून येतं, आणि पुढचं बटण दाबलं की नोंद खरोखर जाते. मित्राने दुपारी एक वाजता चालू सर्व्हरवर ते करून बघितलं. त्या संस्थेत सभासद क्रमांक १ म्हणजे चेअरमन. गोठ्यात म्हैस नसलेल्या चेअरमनना साडेबारा लिटरचा मेसेज गेला. आता उदाहरणात ९९९९ असतो आणि चालू सर्व्हरवर डॉक्सचं पान बंद असतं. चाचणीचा सर्व्हर वेगळा ठेवलाय.

२०२३ मध्ये पायडँटिकची दुसरी आवृत्ती आली तेव्हा आणखी एक पहाट वाया गेली. सभासद क्रमांक मी स्ट्रिंग (आकडा नव्हे, मजकूर) ठेवलाय, कारण काही संस्थांत ००७ आणि ७ ही दोन वेगळी माणसं आहेत. जुनं अ‍ॅप नुसता आकडा पाठवायचं आणि जुनं पायडँटिक गुपचूप त्याची स्ट्रिंग करून घ्यायचं. नव्याने ते सोडून दिलं. साडेपाचला रांग लागलेली आणि प्रत्येक नोंदीला ४२२, म्हणजे 'नोंद चुकीची' असा नकार. सेक्रेटरींना दिसत होतं ते इंग्रजी वाक्य. त्या दिवशी त्यांनी वहीत नोंदी घेतल्या, मी जुनी आवृत्ती परत चढवली आणि दुपारी बसून चुकांचे सगळे निरोप मराठीत केले: 'सभासद क्रमांक अवतरणचिन्हात पाठवा', 'फॅट दिलेली नाही'. हे आधीच करायला हवं होतं, आळस केला.

काल मित्राचा मेसेज आला. एका गावात गायीचं आणि म्हशीचं दूध एकाच किटलीतून येतं, तिथे काय पाठवायचं? डॉक्समध्ये नाही. खरं तर दरपत्रकातही नाही. उद्या संकलन आटोपलं की सेक्रेटरींना विचारून घेते.