परचुरे कुटीसमोर

सेवाग्रामला आम्ही तीन दिवस होतो, मी आणि आई. त्यातल्या अडीच दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सेवाग्राम एक्स्प्रेसने वर्ध्याला उतरलो तेव्हा अजून अंधार होता. उजाडेपर्यंत स्टेशनवर बसलो, मग रिक्षाने आठ किलोमीटरवर आश्रम. मार्च असूनही दहाच्या सुमारास ऊन असं काही तापलं की विदर्भातली माणसं दुपारी दारं का लावून घेतात ते कळलं. आईला सायंप्रार्थना फार आवडली, पिंपळाखालच्या त्या मोकळ्या अंगणातली. तिला रात्री झोपही छान लागली. मला नाही लागली, आणि त्याला कारण दुसऱ्या दिवशीचा सकाळचा पाऊण तास.

बापूकुटीपासून थोड्या अंतरावर परचुरे कुटी आहे. मातीने लिंपलेल्या भिंती, वर कौलं, आत एक माणूस जेमतेम राहील एवढी जागा. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात असल्यापासून गांधीजींना माहीत असलेले. कुष्ठरोग झाल्यावर त्यांना कुठेच थारा उरला नाही आणि 1939 मध्ये ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि रोज स्वतः त्यांच्या अंगाला तेलाचं मालिश केलं. त्या काळी लोक कुष्ठरोग्याची सावली टाळायचे. हे सगळं मी लहानपणापासून ऐकलं होतं. पण ती जागा एवढी लहान असेल आणि बापूकुटीच्या इतकी जवळ असेल, असं वाटलं नव्हतं.

आम्ही तिथे उभ्या होतो तेवढ्यात एका अध्यात्म शिबिराची मंडळी आली. वीसपंचवीस जण असतील, बहुतेक आसपासच्या जिल्ह्यांतले, बायका जास्त. त्यांचे गुरुजी कुटीकडे पाठ करून उभे राहिले आणि बोलू लागले. आवाज गोड होता, बोलणं ओघवतं होतं. विज्ञानाने पंखा दिला, गाडी दिली, मोबाइल दिला, पण शांती दिली का? भौतिकाच्या मागे धावून माणूस आतून रिकामा झाला. इथवर मी ऐकून घेतलं. असं बोलणारे सगळीकडे भेटतात आणि त्यात अगदीच तथ्य नसतं असंही नाही. मग ते कुटीकडे हात करून म्हणाले, "या जागेवर बापूंनी महारोग बरा केला. ना इंजेक्शन, ना गोळी. नुसत्या स्पर्शाने. याला म्हणतात आत्मबल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा एक फिकट चट्टा उठला. मी सहा महिने त्यावर मलमं चोळली. मग कुष्ठरोग शोधमोहिमेत आमच्या सोसायटीत एक आशाताई आल्या. मी सहज हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "डोळे मिटा, आणि जिथे पेन टेकेल तिथे बोट ठेवा." मी डोळे मिटले. मनगटावर टेकलं, मी बोट ठेवलं. कोपरावर टेकलं, बोट ठेवलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी वाट बघत राहिले. शेवटी डोळे उघडले तर पेनचं टोक चट्ट्याच्या मधोमध टेकलेलं होतं आणि ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्याच हातावर पेन टेकलं होतं आणि ते मला कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून निदान पक्कं केलं. महिन्याला एक गोळ्यांचं पाकीट, अशी सहा पाकिटं, सरकारी दवाखान्यातून फुकट. दर महिन्याची पहिली मात्रा नर्ससमोर घ्यायची. त्या दिवशी लघवी लाल होते. पहिल्यांदा मी घाबरून फोन केला तेव्हा पलीकडून शांतपणे सांगितलं, "रिफाम्पिसिनचा रंग आहे, घाबरू नका." सहा महिन्यांत सगळं संपलं. चट्ट्याची जागा अजून किंचित फिकट दिसते, एवढंच.

त्या काळात आईने पहिले पंधरा दिवस माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता. आई वारीला जाते, तिच्याइतकं मायाळू माणूस मी पाहिलं नाही. तरीही पेला वेगळा होता, कडेच्या फळीवर, उपडा. डॉक्टरांनी समजावल्यावर तो परत इतर पेल्यांत आला. यावर आम्ही दोघी आजवर एक शब्द बोललेलो नाही.

म्हणून "नुसत्या स्पर्शाने" हे शब्द मला सहन होईनात. परचुरेशास्त्री बरे झाले नाहीत. मालिशने, स्वच्छतेने, पथ्याने त्यांना आराम पडला, पण रोग गेला नाही. पुढे ते जवळच्याच दत्तपूरच्या कुष्ठधामात गेले आणि तिथेच वारले. त्या वेळी आपल्याकडे औषध म्हणून होतं ते कडू कवठाच्या जातीतल्या चौलमुग्राचं तेल. ते टोचलं तर गाठी यायच्या, प्यायलं तर पोटात ढवळायचं आणि गुण यायचा तोही बेताचा. मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. परचुरेशास्त्री सेवाग्रामात असतानाच, 1941 मध्ये, अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात प्रोमिन नावाचं सल्फोन औषध रुग्णांना देऊन बघायला सुरुवात झाली होती आणि जखमा भरून येत होत्या. त्याच घराण्यातलं डॅप्सोन मी रोज रात्री जेवणानंतर घेत होते. शास्त्रीबुवांच्या वेळी ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

हा जंतूही चिवट. काही जंतू तासात दोनतीनदा दुपटीने वाढतात. याला एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. म्हणून शरीरात शिरल्यावर पाच-पाच, कधी वीस वर्षंही पत्ता लागत नाही. काचेच्या बशीत तो अजूनही कुणाला वाढवता आलेला नाही. शतकानुशतकं लोक याला मागच्या जन्मीचं पाप म्हणत राहिले, त्यात या लपण्याचा वाटा मोठा असणार. कुठून आला ते दिसतच नाही, मग माणूस पापाकडे बोट दाखवतो. 1873 मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या हान्सेनने हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पाप नव्हे, शाप नव्हे, एक सूक्ष्म काडी. लाखो माणसांच्या कपाळावरचा कलंक पुसण्याचं काम त्या एका शोधाने सुरू केलं. याला कुणी भौतिकवाद म्हणून नाक मुरडलं की मला राग येतो.

पण हान्सेनची आणखी एक हकिकत आहे, तीही सांगायलाच हवी. रोग सांसर्गिक आहे हे सिद्ध करायला त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1880 मध्ये त्याला रुग्णालयातलं पद सोडावं लागलं. त्या कुटीसमोर उभी असताना मला ही बाई सारखी आठवत होती. तिच्या डोळ्याला हात लावणाऱ्याला रोगाविषयी जगात सगळ्यांत जास्त माहिती होती. इथे सेवाग्रामात मालिश करणाऱ्याला जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. शंभरातल्या पंच्याण्णव जणांना या जंतूविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते, हे गांधीजींना कुठून ठाऊक असणार? त्यांनी धोका आहे असं धरूनच हात लावला.

गांधीजींचंही सगळंच मला पटतं असं नाही. आगाखान पॅलेसमध्ये 1944 च्या फेब्रुवारीत बा शेवटच्या घटका मोजत होत्या, देवदासनी पेनिसिलिन मिळवलं होतं आणि बापूंनी ते टोचू दिलं नाही. पुण्याच्या त्या खोलीत मी एकदा गेले आहे आणि तिथून रागावून बाहेर आले आहे. बा तशाही वाचल्या नसत्या असं म्हणणारे आहेत. असतीलही बरोबर. पण मुलाने हाती आणलेलं औषध परत जावं, हे मला आजही गिळता येत नाही. त्याच बापूंनी 1924 मध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया मात्र सर्जन मॅडॉककडून करून घेतली होती. आश्रमात ती टेलिफोनची पेटी बघताना आणि साप न मारता पकडून दूर सोडायचा चिमटा बघताना हे दोन्ही प्रसंग डोक्यात होते.

आणि तरीही याच मातीतून औषध घरोघर गेलं. मनोहर दिवाण विनोबांचे सहकारी. 1936 पासून दत्तपूरला ते कुष्ठरोग्यांमध्ये राहिले. गांधीजींच्या पश्चात 1951 मध्ये वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं. डॉ. वर्देकरांनी कामाची पद्धत बसवली: रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही, आपणच गावात जायचं, घरोघर अंग तपासायचं, समजावून सांगायचं, तिथेच डॅप्सोन द्यायचं. माझ्या दारात आलेल्या आशाताई त्या वाटेवरूनच आल्या. गोळी कारखान्यात तयार होते. पण परक्याच्या हातावरचा चट्टा निरखायला कुणीतरी उन्हात दार ठोठवावं लागतं, आणि दार उघडल्यावर त्या हाताला न कचरता हात लावावा लागतो. डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफाम्पिसिनच्या एका मात्रेत शरीरातले बहुतेक सगळे जंतू मरतात. एवढं असूनही ब्रिटिशांचा 1898 चा, कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवायचा कायदा आपल्या पुस्तकातून निघायला 2016 उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 पर्यंत कायद्यात होतं. म्हणजे काही वर्षांपूर्वीपर्यंत या रोगाचं नाव घेऊन नवऱ्याला कोर्टात जाता येत होतं.

हे सगळं मी गुरुजींना सांगितलं का? नाही. मी पुढे झाले, म्हटलं, "परचुरेशास्त्री बरे झाले नव्हते. याला औषध लागतं. सहा महिने, नाहीतर वर्षभर." आवाज कापत होता. गुरुजी हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचं असेल बरोबर. आम्ही भावनेविषयी बोलतोय." मग मंडळी बापूकुटीकडे वळली. ते उद्धट नव्हते. माझ्या तोंडात आलेले शब्द, "मला झाला होता, मी बरी झाले", तेवढे ओठांशीच थांबले. आई शेजारी होती. वीसपंचवीस अनोळखी माणसं होती. पेल्याची फळी आठवली असेल मला. ज्या अज्ञानावर मी चिडले होते त्याला घाबरून मी गप्प बसले, आणि त्या रात्री झोप लागली नाही ती याचमुळे.

त्यानंतर थोड्या वेळाने मी बाटली भरायला नळावर गेले. शिबिरातली एक बाई मागून आली. पन्नाशीची असेल. आधी तिने माझ्याकडे न बघता पाय धुतले. मग हळूच म्हणाली, "त्या गोया कुठी भेटते वो बाई?"

मी म्हटलं, "सरकारी दवाखान्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रात."

"पैसे किती लागते?"

"काहीच नाही."

तिचा विश्वास बसेना. "सहा महिने फुकट?" तिने तीनदा विचारलं. मग इकडे तिकडे बघून पदर थोडा वर केला. दंडावर, आतल्या बाजूला, लांबट फिकट डाग. तिने त्यावर स्वतःच नखाने दाबून दाखवलं आणि मान हलवली, काही कळत नाही म्हणून. मी डॉक्टर नाही, मी तिला हेच आहे असं सांगू शकत नव्हते, तसं सांगितलंही. मग मी माझी बाही वर केली. तिने माझा हात दोन्ही हातांनी धरला, त्या फिकट जागेवर अंगठा फिरवला आणि विचारलं, "आता लागते का इथी?"

"थोडं थोडं लागतं."

आई मागे येऊन उभी होती. तिने काही विचारलं नाही, माझ्या हातातली अर्धी भरलेली बाटली घेतली आणि नळाखाली धरली. मी रेल्वेच्या तिकिटामागे लिहून दिलं: प्राथमिक आरोग्य केंद्र, कुष्ठरोग तपासणी, फुकट. तिला वाचता येत नव्हतं, पण सुनेला येतं म्हणाली. कागद चार घड्या करून तिने कनवटीला खोवला. "कोनाले सांगू नका बरं," असं जाताना बजावून गेली.

दुसऱ्या दिवशी पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम पाहिला, संध्याकाळी परतीची गाडी पकडली. त्याविषयी लिहायचं राहू दे.

त्यांची बस आश्रमाच्या फाटकातून बाहेर पडताना मी रस्त्याच्या कडेला उभी होते. ती खिडकीशीच बसली होती. हात गजावर होता, पदर मनगटापर्यंत ओढलेला.